आखातातल्या शाळांची फी आणि दुबईतली भारतीय कुटुंबे

संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या दर दहा माणसांमागे जवळजवळ नऊ परदेशी आहेत आणि त्या परदेशी लोकांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे, 35 लाखांहून अधिक. या देशात सरकारी शाळा आहेत, पण त्या मुख्यतः नागरिकांच्या मुलांसाठी आहेत आणि तिथले बरेचसे शिक्षण अरबीतून चालते. परदेशी मुलाला तिथे प्रवेश मिळणे नियमाने अगदी अशक्य नसले, तरी व्यवहारात भारतीय पालक त्या वाटेला जात नाहीत. मग उरते ती खासगी शाळा. दुबईत 2024-25 मध्ये 227 खासगी शाळांत सुमारे 3 लाख 87 हजार मुले शिकत होती. त्याच्या आदल्या वर्षी हा आकडा 3 लाख 65 हजारांच्या आसपास होता. एका वर्षात बावीस हजार मुलांची भर पडणाऱ्या शहरात शाळेच्या जागेला मागणी किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

फीवाढीची तक्रार पुण्या-मुंबईतही आहे. फरक असा की महाराष्ट्रात पालकाला आपली शाळा परवडेनाशी झाली, तर कितीही मनाविरुद्ध का होईना, महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा त्याच्यासाठी उघडी असते. खासगी शाळांत शिक्षण हक्क कायद्याखालच्या 25 टक्के जागाही असतात. हा कायदा भारताच्या हद्दीपुरता आहे. भारतीय मूल विमानात बसून दुबईला उतरले की भारत सरकारवर त्याच्या शाळेची जबाबदारी राहत नाही आणि अमिरातीच्या सरकारवर ती येत नाही. दोन्ही देशांच्या हिशेबात ते मूल बापाच्या व्हिसावर असते आणि त्याची शाळा बापाच्या पगारावर. कुटुंबाचा व्हिसा काढण्यासाठी दरमहा किमान 4,000 दिरहम पगार लागतो, किंवा राहण्याची सोय मिळत असेल तर 3,000. एवढ्या पगारावर बायको-मुलांना आणण्याची परवानगी मिळते, पण त्यात दोन मुलांची शाळा बसत नाही. कायद्याने दिलेली मुभा आणि खिशाला झेपणारी मुभा यांतले हे अंतर हाच या विषयाचा गाभा आहे.

आखातात भारतीय शाळा सुरू झाल्या त्या धंदा म्हणून नव्हेत. बहरीनमधली इंडियन स्कूल 1950 सालची, दुबईची इंडियन हायस्कूल 1961 सालची, जेद्दाची भारतीय शाळा 1969 सालची, मस्कतची 1975 सालची. व्यापारी आणि नोकरदार मंडळींनी वर्गणी काढून, भारतीय दूतावासाचा आशीर्वाद घेऊन त्या उभ्या केल्या. नफा वाटायचा नाही, उरेल ते शाळेतच घालायचे, हा त्यांचा पाया होता आणि त्यातल्या बहुतेकींची फी आजही त्या त्या शहरातल्या खालच्या पट्टीतली आहे. दुबईत याच काळात दुसरी एक वाट निघाली. केरळातून आलेल्या के. एस. वर्की आणि मरियम्मा वर्की या शिक्षक दांपत्याने 1968 मध्ये 'अवर ओन इंग्लिश हायस्कूल' काढले. त्यांचा मुलगा सनी वर्की याने त्यातून जेम्स हा शाळांचा उद्योगसमूह वाढवला. 2024 मध्ये ब्रुकफिल्ड या कॅनडातल्या गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने त्यात सुमारे 2 अब्ज डॉलरची गुंतवणूक झाली. तालीम ही दुसरी शाळा-कंपनी 2022 च्या नोव्हेंबरात दुबईच्या शेअर बाजारात आली. वर्गणीतून सुरू झालेला व्यवहार साठ वर्षांत शेअर बाजारापर्यंत पोचला. भागधारकाला परतावा हवा असतो. तो विद्यार्थ्यांच्या संख्येतून तरी येतो, नाही तर फीतून.

आज दुबईत फीचा पल्ला इतका रुंद आहे की 'दुबईतली शाळा' असे एकवचनात बोलणेच चुकीचे ठरते. अल कुसैस, मुहैस्ना, ओद मेथा या भागांतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत वर्षाला काही हजार दिरहमांपासून सुरुवात होते. 2025 मध्ये जेम्स समूहाने उघडलेल्या एका शाळेची फी वर्गानुसार 1 लाख 16 हजार ते 2 लाख 6 हजार दिरहम आहे. एकाच शहरात, एकाच नियामकाच्या छत्राखाली, वीस-पंचवीस पटींचा हा फरक आहे. विद्यार्थ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक ब्रिटिश अभ्यासक्रमाकडे आहेत, त्याखालोखाल साधारण चौथा हिस्सा भारतीय अभ्यासक्रमांकडे, म्हणजे मुख्यतः सीबीएसईकडे. ब्रिटिश शाळांत भारतीय मुलेही पुष्कळ असतात. बढती मिळाली की मुलाला सीबीएसईतून ब्रिटिश शाळेत हलवायचे आणि नोकरी गेली की परत आणायचे, ही ये-जा दुबईतल्या भारतीय पालकांच्या परिचयाची आहे.

शाळेच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा. ब्रिटिश शाळेला इंग्लंडहून शिक्षक आणायचे तर पगाराबरोबर घर, वर्षाचे विमानतिकीट, त्यांच्या स्वतःच्या मुलांना फीमाफी हे सगळे द्यावे लागते. भारतीय शाळांत चित्र निराळे आहे. तिथल्या शिक्षिकांत नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या भारतीय बायका मोठ्या संख्येने असतात. त्यांना घर द्यावे लागत नाही आणि त्यांचा पगारही बराच कमी असतो. भारतीय शाळांची फी कमी राहते त्यामागचे एक कारण हे आहे. ते अभिमानाने सांगावे असे नाही. स्वस्त शाळेचा भार एका अर्थाने शिक्षिकाच उचलतात आणि त्यांची स्वतःची मुलेही बहुधा तशाच शाळेत असतात. याशिवाय अरब नसलेल्या मुलांनाही नववीपर्यंत अरबी शिकवणे सक्तीचे आहे, मुस्लिम मुलांना इस्लामी शिक्षण, सर्वांना नीतिशिक्षण. त्यासाठी वेगळे शिक्षक नेमावे लागतात. जमिनीचे भाडे, वातानुकूलन, 2023 पासून लागू झालेला 9 टक्के कंपनी कर, हे वरचे खर्च. सीबीएसईची परदेशातल्या शाळांसाठीची परीक्षा फीही भारतापेक्षा कितीतरी चढी आहे. 2019 च्या फेरबदलानंतर पाच विषयांना भारतात 1,500 रुपये होते, तर परदेशात 10,000.

दुबईने फीवर लगाम ठेवला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 2006 मध्ये स्थापन झालेले ज्ञान व मानव विकास प्राधिकरण, जे पालकांच्या तोंडी केएचडीए म्हणून असते, शाळांची तपासणी करते आणि त्यांना श्रेणी देते: सर्वोत्कृष्ट, अतिशय चांगली, चांगली, स्वीकारार्ह, कमकुवत आणि अतिशय कमकुवत. 2012 पासून फीवाढ एका सूत्राने बांधली गेली. शाळांच्या हिशेबांवरून शिक्षणखर्चाचा एक निर्देशांक काढला जातो आणि तो किती टक्क्यांनी वाढला ते पाहून फीवाढीची कमाल मर्यादा ठरते. सुरुवातीच्या नियमात श्रेणी वरची असेल तर मर्यादा दुपटीपर्यंत जात असे. 2015-16 मध्ये निर्देशांक 2.92 टक्के होता, म्हणून सर्वोत्कृष्ट शाळांना 5.84 टक्क्यांपर्यंत फी वाढवता आली. हुशार मुलाला बक्षीस द्यावे तसे हे सूत्र होते, फक्त बक्षिसाचे पैसे पालकांच्या खिशातून जात होते.

त्यानंतर सूत्राचा रोख बदलला. 2018 मध्ये फी गोठवली गेली आणि कोविडच्या काळात 2020-21 पासून तीन वर्षे पुन्हा गोठवली गेली. एप्रिलमध्ये वर्ष सुरू होणाऱ्या भारतीय शाळांसाठी 2020 चा मुहूर्त फार वाईट निघाला. नोकऱ्या जात होत्या, पगार कापले जात होते आणि नेमकी त्याच महिन्यात नव्या इयत्तेची पहिली तिमाही भरायची होती. 2023-24 मध्ये वाढीला पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा वरची श्रेणी टिकवणाऱ्यापेक्षा श्रेणी सुधारणाऱ्याला झुकते माप दिले गेले. श्रेणी टिकवणाऱ्या शाळेला निर्देशांकाइतकी, म्हणजे 3 टक्के वाढ, खालून वर आलेल्या शाळेला दुपटीपर्यंत, अगदी वरच्या पायरीवर पोचलेल्या शाळेला दीडपट आणि श्रेणी घसरलेल्या शाळेला काहीच नाही. पुढच्या वर्षी निर्देशांक 2.6 टक्के आणि 2025-26 मध्ये 2.35 टक्के ठरला. तीन वर्षांची वाढ एकत्र धरली तर 10,000 दिरहमांची फी 10,816 होते. नोंदणीच्या वेळी घेतलेली अनामत फीत वळती करावी, प्रत्येक शाळेने आपली फी तपशीलवार जाहीर करावी, पालक आणि शाळा यांच्यात लेखी करार असावा, हेही नियम आहेत. महाराष्ट्रातला 2011 चा फी नियमन कायदा पालक-शिक्षक संघाला फी ठरवण्यात वाटा देतो, निदान कागदावर. दुबईत पालकाला असा वाटा नाही, पण सरकारचा आकडा सर्व शाळांना पाळावाच लागतो. लेखी हक्क असून धाक नसणे आणि धाक असून हक्क नसणे, यांपैकी पालकाच्या जास्त कामी काय येते याचे उत्तर पुण्यातल्या एखाद्या पालकाने आणि दुबईतल्या पालकाने समोरासमोर बसून शोधावे.

तीन वर्षांत आठ टक्के ही वाढ काही भयंकर वाटत नाही. तरीही पालक म्हणतात की फी झेपेनाशी झाली आहे आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते. मर्यादा प्रत्येक इयत्तेच्या फीवर असते आणि मूल एका इयत्तेत राहत नाही. बहुतेक शाळांत वरच्या इयत्तेची फी खालच्या इयत्तेपेक्षा जास्त असते. समजा, एखाद्या शाळेत पहिलीची फी 8,000 दिरहम आहे आणि बारावीची 14,000. शाळेने दरवर्षी अवघे अडीच टक्के वाढवले, तरी आज पहिलीत असलेले मूल बारावीत पोचेल तेव्हा बारावीची फी 18,300 च्या पुढे गेलेली असेल. नियामकाच्या कागदावर वर्षाला अडीच टक्के, पालकाच्या वहीत अकरा वर्षांत सव्वादोन पट. दोन्ही आकडे खरे आहेत. मधल्या काळात बापाचा पगार सव्वादोन पट झाला तर प्रश्न उरत नाही, पण आखातातल्या मधल्या फळीच्या नोकऱ्यांत पगारवाढीची अशी खात्री कोणी देत नाही.

शिवाय नियमन आहे ते शिकवणीच्या फीचे. बस, गणवेश, पुस्तके, टॅब्लेट, सहली, शाळा सुटल्यानंतरचे वर्ग हे सगळे त्या टक्केवारीच्या बाहेर. 2018 च्या जानेवारीपासून अमिरातीत 5 टक्के मूल्यवर्धित कर आला तेव्हा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची फी शून्य दराने करात धरली गेली, म्हणजे तिच्यावर बोजा आला नाही. गणवेश आणि उपकरणांवर मात्र कर लागला. उदाहरणादाखल दरमहा 10,000 दिरहम मिळवणारे चौघांचे कुटुंब घेऊ. हा पगार वाईट नाही आणि त्यावर आयकरही नाही. दोन मुलांची फी प्रत्येकी 12,000, बस मिळून 9,000 आणि बाकीचे 3,000 धरले तर वर्षाचे 36,000 दिरहम होतात. म्हणजे बारा महिन्यांतले साडेतीन महिन्यांहून अधिक पगार शाळेचे. घरभाडे याहून मोठे असते आणि गावाकडे पाठवायचे पैसे त्यानंतर. भारतात शिकवणी फीवर जुन्या करपद्धतीत वजावट मिळते, तीही फक्त भारतातल्या संस्थांसाठी.

एकेकाळी हा खर्च मालक सोसत असे. तेलाच्या भरभराटीच्या काळात परदेशी अधिकाऱ्याच्या नेमणूकपत्रात घर, विमानतिकीट आणि मुलांचा शिक्षणभत्ता ही ठरलेली कलमे असत. 2008-09 च्या मंदीनंतर आणि पुन्हा 2014 नंतर तेलाचे भाव पडले तेव्हा कंपन्यांनी ही कलमे एकेक करून काढली. त्याऐवजी सगळे मिळून एक ठोक पगार देण्याची पद्धत रुळली. ठोक पगारात शिक्षणभत्ता आहे असे म्हणता येते, पण फी वाढली म्हणून तो वाढत नाही. वरच्या पदांवर भत्ता अजून टिकून आहे. म्हणजे ज्यांना फी सहज झेपली असती त्यांची फी कंपनी भरते, दुकानातला हिशेबनीस आणि रुग्णालयातली परिचारिका मात्र स्वतःच्या पगारातून भरतात.

फी भरण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. अमिरातीत घरभाड्यासारखीच शाळेची फीही पुढच्या तारखांच्या चेकने देण्याची पद्धत होती. चेक न वटणे हा 2022 च्या जानेवारीत कायदा बदलेपर्यंत सर्रास फौजदारी गुन्हा मानला जाई. नोकरी गेलेल्या पालकाला फीच्या चेकपायी पोलिसांची भीती असणे ही त्या काळातली अतिशयोक्ती नव्हती. आता हा धोका बराच कमी झाला आहे आणि क्रेडिट कार्डावरचे हप्ते आले आहेत. पण थकबाकी असेल तर शाळा सोडल्याचा दाखला अडतो. दाखला नसेल तर भारतातल्या शाळेत प्रवेश अडतो. सगळे गुंडाळून परत जायचे ठरवले, तरी शेवटचा अडथळा शाळेच्या कार्यालयातच उभा असतो.

फीच्या नियमनाचा सर्वांत विचित्र परिणाम स्वस्त शाळांवर होतो. टक्केवारी ही मूळ रकमेवर चालते. 80,000 दिरहम फी असलेल्या शाळेला 3 टक्के म्हणजे मुलामागे 2,400 मिळतात. 8,000 फी असलेल्या शाळेने श्रेणी सुधारून दुप्पट, म्हणजे 6 टक्के वाढ मिळवली, तरी मुलामागे 480 मिळतात. तीस मुलांच्या वर्गाचे वर्षाला 14,400 दिरहम झाले. एका शिक्षिकेचा अर्ध्या वर्षाचा पगारही त्यातून निघणे कठीण. तपासणीत मात्र दोन्ही शाळांना एकाच फूटपट्टीने मोजले जाते: वर्गातली मुलांची संख्या, विशेष गरजा असलेल्या मुलांची सोय, प्रयोगशाळा, ग्रंथालय. स्वस्त शाळेकडे सुधारणेसाठी पैसे नाहीत आणि सुधारल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. तिच्या मालकापुढे दोनच मार्ग उरतात. वर्गात मुले वाढवायची, नाही तर ती शाळा तशीच ठेवून पुढची शाळा वरच्या पट्टीत काढायची. दुबईच्या शिक्षणविषयक धोरणात 2033 पर्यंत किमान 100 नव्या खासगी शाळा काढण्याचे उद्दिष्ट आहे. नवी शाळा काढणारा गुंतवणूकदार जमिनीचा भाव पाहतो आणि त्या भावात कमी फीची शाळा बसत नाही. मर्यादा आहे ती चालू फीच्या वाढीवर. सुरुवातीची फी किती ठेवायची, हे नव्या शाळेने प्राधिकरणाच्या मंजुरीने स्वतः ठरवायचे असते. त्यामुळे शहरातली सरासरी फी वाढते ती जुन्या शाळांनी भाव वाढवल्याने कमी आणि नव्या शाळा महाग निघाल्याने जास्त.

अबू धाबीत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडली. तिथे कित्येक भारतीय, पाकिस्तानी आणि अरब शाळा राहत्या बंगल्यांत भरत. त्यांना व्हिला स्कूल म्हणत. मैदान नाही, वर्ग कोंदट, आगीच्या वेळी बाहेर पडायला वाटा अपुऱ्या. तिथल्या शिक्षण परिषदेने 2009 च्या सुमारापासून पाच-सहा वर्षांत या शाळा टप्प्याटप्प्याने बंद केल्या. निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच होता आणि त्याला विरोध करणे कोणाही जबाबदार माणसाला अवघड आहे. पण बंद झाल्या त्या सर्वांत स्वस्त शाळा. त्या मुलांना सामावून घेण्याइतक्या स्वस्त जागा लगेच उभ्या राहिल्या नाहीत आणि भारतीय शाळांच्या प्रवेशासाठी सोडती निघू लागल्या. चांगल्या शाळेचा आग्रह धरताना स्वस्त शाळेची जागा कोण भरून काढणार, हा प्रश्न तेव्हा सुटला नाही आणि नंतरच्या धोरणांतही त्याला उत्तर सापडत नाही.

फी झेपत नाही तेव्हा कुटुंबे काय करतात? पहिली पायरी म्हणजे घर शारजा किंवा अजमानला हलवणे. भाडे वाचते, बाप रोज दोन-दोन तास वाहतुकीत घालवतो. दुसरी पायरी शाळा बदलण्याची. काही जण मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयात घालून खासगी शिकवणीवर परीक्षा देववतात. आणि शेवटची पायरी म्हणजे बायको-मुलांना मायदेशी पाठवून बापाने एकट्याने राहणे. करामा किंवा सत्वा भागात एका खोलीत चार-सहा जणांबरोबर पलंगापुरती जागा भाड्याने घेऊन राहणारे कितीतरी 'बॅचलर' दोन मुलांचे बाप असतात. खेड, दापोली, चिपळूण, महाड या पट्ट्यातल्या आखाती घरांना हे चित्र नवे नाही. तिथे पुरुष आखातात आणि कुटुंब गावात, ही दोन-तीन पिढ्यांची रीत आहे. कुवेतला गेलेल्या गोवेकरांच्या घरांतही तेच. नवे आहे ते हे की दहा-बारा वर्षे एकत्र राहिलेली, दुबईतच जन्मलेल्या मुलांची शहरी कुटुंबेही आता त्या रीतीवर येऊ लागली आहेत.

रुपयाच्या घसरणीनेही यात भर घातली आहे, पण सहसा समजले जाते त्या पद्धतीने नव्हे. पगार दिरहममध्ये आणि फीही दिरहममध्ये असल्यामुळे रुपया घसरला म्हणून दुबईतली फी महाग होत नाही. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. बदलते ते तुलनेचे गणित. 2014 मध्ये एका दिरहमाला साडेसोळा रुपयांच्या आसपास मिळत, 2025 मध्ये तेवीसच्या वर. पुण्यातल्या एखाद्या शाळेची वर्षाची लाखभर रुपये फी तेव्हा सहा हजार दिरहमांची होती. आजही ती लाखच असती तर सव्वाचार हजारांची ठरली असती. पुण्याची फी वाढली हे खरे, तरी रुपया जितका घसरतो तितके मुलांना भारतात ठेवणे दिरहममध्ये स्वस्त होत जाते. घर एकत्र ठेवण्याची किंमत अशी दोन्ही बाजूंनी वाढते.

महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी यात आणखी एक कलम आहे, ते मंत्रालयात लिहिलेले. राज्याच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा लागतो आणि त्याने दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण केलेली असावी लागते. काही शासकीय आणि लष्करी कर्मचाऱ्यांच्या मुलांना यात सवलती आहेत, दुबईतल्या हिशेबनिसाच्या मुलीला नाहीत. ती सीबीएसईच शिकते, नीटही तीच देते, 2021 पासून दुबईत बसून देते. पण राज्याच्या कोट्याचे दार तिला बंद. मग उरतात त्या अनिवासी भारतीयांच्या जागा, आणि त्यांची फी सर्वसाधारण जागेच्या कितीतरी पट. अभियांत्रिकीत आखातातल्या कामगारांच्या मुलांसाठी जादा जागा राखल्या आहेत, तिथे काहीसा दिलासा मिळतो. या अटीचा परिणाम असा की आठवी-नववी हे मराठी कुटुंबाचे निर्णयाचे वर्ष ठरते. दुबईतली वरच्या वर्गांची चढती फी आणि महाराष्ट्रातली दहावीची अट एकाच वेळी समोर येतात आणि मुलगी आईबरोबर परत येते. केरळच्या कुटुंबांनी आपल्या राज्यातल्या अटी अशाच पाठ केलेल्या असतात.

आखातातले सगळे देश दुबईसारखे चालत नाहीत, हेही नोंदवायला हवे. ओमानमध्ये भारतीय शाळा एका मध्यवर्ती मंडळाखाली समाजाच्या शाळा म्हणून चालतात. बहरीनच्या इंडियन स्कूलची कार्यकारिणी पालक मतदानाने निवडतात आणि त्या निवडणुका चांगल्या रंगतात. जेद्दा, रियाध, दम्मामच्या भारतीय शाळा दूतावासाच्या देखरेखीखाली आहेत. या शाळांत सगळे आलबेल नाही. वर्ग तुडुंब भरलेले असतात, कारभारातले गट-तट असतात. फी मात्र बाजाराने ठरत नाही. सौदी अरेबियात फी परवडली, तरी कुटुंब दुसऱ्याच कारणाने परवडेनासे झाले. तिथे 2017 च्या जुलैपासून परदेशी कामगाराच्या प्रत्येक आश्रितामागे दरमहा 100 रियालांचा कर बसला आणि तो दरवर्षी शंभराने वाढत 2020 मध्ये 400 झाला. बायको आणि दोन मुले असतील तर वर्षाचे 14,400 रियाल, शाळेची पायरी चढण्याआधीच. त्या तीन वर्षांत तिथून कितीतरी भारतीय कुटुंबे परतली.

एवढे पाहिल्यावर दुबईच्या फी-सूत्राबद्दल एक निष्कर्ष काढता येतो. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांना अचानक होणाऱ्या फीवाढीपासून ते बऱ्यापैकी वाचवते. स्वस्त जागा निर्माण करणे त्याला जमत नाही, किंबहुना ते त्याचे कामच नाही. ती जागा आजवर समाजाच्या ना-नफा शाळांनीच निर्माण केली आणि 1961 साली जे वर्गणीतून झाले ते आजच्या जमिनीच्या भावात वर्गणीतून होणार नाही. त्यासाठी दोन सरकारांनी बोलावे लागेल. अमिरातीने जमीन द्यावी आणि भारताने चालवण्याची हमी घ्यावी, असा व्यवहार अशक्य नाही. आयआयटी दिल्लीचे अबू धाबीतले केंद्र 2024 मध्ये दोन्ही सरकारांच्या सहकार्याने सुरू झाले. दुबईत सीबीएसईचे कार्यालयही त्याच वर्षी जाहीर झाले. उच्च शिक्षणासाठी जी तत्परता दाखवली गेली ती पहिली ते दहावीच्या मुलांसाठी दाखवायला हरकत नसावी. ही मुले संख्येने कितीतरी जास्त आहेत.

महाराष्ट्र सरकारला दुबईतली फी कमी करता येणार नाही. पण ज्याचे आईवडील राज्याचे अधिवासी आहेत आणि ज्याने परदेशात राहून भारतीय मंडळाची दहावी केली आहे, अशा विद्यार्थ्याला दहावीच्या अटीतून सूट देणे राज्याच्या हातात आहे. बारावीची अट ठेवली तरी चालेल, म्हणजे गावातल्या मुलाच्या जागेवर कोणी ऐनवेळी येऊन बसणार नाही. एवढ्या एका सवलतीने काही मराठी घरे आणखी दोन वर्षे एकत्र राहू शकतील. आखातातल्या महाराष्ट्र मंडळांनी आणि कोकणातल्या आमदारांनी ही मागणी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे लावून धरावी.